रविवारच्या वाफाळ्याचा तवा

मित्रांनो, मला उचलायला याल तेव्हा एका हाताने येऊ नका, मनगट दुखेल. माझं बूड जाड आहे, अंग खोलगट आहे आणि एका बाजूला लांब दांडी आहे. मी बिडाचा तवा. वयाने म्हणाल तर तिशी केव्हाच ओलांडली.

तव्याने आपली गोष्ट सांगायची म्हणजे कुठे घडलो, कोणी वापरलं, कोणी वाखाणलं, हे सगळं आलंच. तेही सांगतो. पण खरं म्हणजे मला एक अपराध सांगायचा आहे. तो माझा एकट्याचा नाही. तरी माझ्या अंगावरच घडला, आणि चार महिने मी तो पाहत पडून राहिलो.

ओतकामाच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. ओल्या वाळूत माझ्या आकाराचा खळगा केला होता. त्यात वितळलेलं लोखंड ओतलं आणि मी झालो. थंड झाल्यावर ओताऱ्याने मला उलटा धरून हातोडीने एक टिचकी मारली. मी घणघणलो. "तडकलेला नाही," तो म्हणाला. मग त्याने मला विकत घ्यायला आलेल्या आचाऱ्याच्या हाती दिलं आणि बजावलं, "याच्या अंगाला डोळ्यांना दिसणार नाहीत इतकी बारीक छिद्रं असतात. तेल लावून तापवत राहा. जे द्याल ते पिऊन घेईल हा."

हे मला भूषणच वाटलं. इतर भांडी धुतली की कोरी होतात. मी मात्र सगळं धरून ठेवतो. पुढे याच गोष्टीने घात केला.

तो आचारी नर्सिंग शिकणाऱ्या मुलींच्या हॉस्टेलमध्ये कामाला होता. रुग्णालयाला लागूनच ती तीन मजली इमारत. स्वयंपाकघर तळमजल्यावर. खिडकीतून मागच्या अंगणात वाळत घातलेले पांढरे गणवेश दिसायचे. कोपऱ्यात एक जुना ओव्हन होता. त्याचं दार गुडघ्याने ढकलल्याशिवाय लागत नसे. आचाऱ्याने मला अकरा वर्षं वापरलं. निवृत्त होताना त्याने आपल्या मदतनीस बाईच्या हातात मला ठेवलं आणि म्हणाला, "साबण लावलास तर मला घरबसल्या कळेल हं."

ही बाई म्हणजे मावशी. सगळ्या मुली तिला मावशीच म्हणायच्या. ती ठेंगणी होती, कामाला वाघ, आणि बोलायला लागली की थांबायची नाही. संसाराचा पसारा तिने मांडला नव्हता. ट्रक चालवणारा एक धाकटा भाऊ आणि आम्ही भांडी, एवढंच तिचं गणगोत. तिने आचाऱ्याचा शब्द एकोणीस वर्षं पाळला. माझं काम झालं की गरम पाणी, काथ्याचा ब्रश, कोरडं फडकं आणि वरून तेलाचं बोट. नवी मुलगी हौसेने भांडी घासायला आली की मावशी दुरूनच ओरडायची, "तव्याला हात लावशील तर याद राख! तो माझा आहे."

रविवारी दुपारी माझा खरा मान असायचा. मावशी माझ्यात लोण्याचा गोळा टाकायची. तो विरघळला की सफरचंदाच्या आणि नाशपतीच्या फोडी, साखर, चिमूटभर मीठ, लिंबाचे चार थेंब आणि दालचिनी. फोडी जरा मऊ पडल्या की त्यावर ओट्सचा चुरा. ओट्स, कणीक, साखर आणि गार लोणी ती बोटांच्या टोकांनी हलकेच चोळायची. तळहात लावायची नाही, तळहाताच्या उबेने लोणी पाघळतं म्हणायची. मग मला तसाच उचलून ओव्हनमध्ये ठेवायची आणि दाराला गुडघा मारायची. अर्ध्या तासाने कडेने फळांचा पाक चुर्रचुर्र करत वर यायचा आणि वरचा थर तांबूस व्हायचा. बाहेर काढल्यावर माझ्यातून अशी वाफ निघायची, की चष्मा लावणाऱ्या मुली काही वेळ आंधळ्याच व्हायच्या. म्हणून त्यांनीच त्या गोडाचं नाव ठेवलं, वाफाळं. घरची आठवण येऊन रडणाऱ्या किती मुलींना मी त्या वाफेआड नाक पुसताना पाहिलं आहे!

वाफाळ्याचे ओट्स यायचे तोळेकाकांच्या दुकानातून. रस्त्यापलीकडे त्यांचं धान्याचं दुकान, त्यामागेच घर. ते मूठभर जिरंसुद्धा सोनं तोलावं तसं तोलायचे, म्हणून मुलींनी हे नाव पाडलं होतं. दुकानात काका तराजूवर असायचे आणि काकू आत पिशव्या भरायच्या. काकूंचा हात इतका बसलेला होता, की त्यांनी मापाने पिशवी भरली की काकांना क्वचितच काही कमीजास्त करावं लागे. तरी ते तोलायचेच. "तुझ्या हातावर विश्वास आहे गं, पण तराजूला वाईट वाटेल," असं म्हणायचे, आणि काकू आतून म्हणायच्या, "बायकोला वाटलं तर चालेल."

आता त्या मुलीविषयी. अंगाने लहानखुरी, म्हणून सगळ्या तिला बारकी म्हणत. तिला शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी होती. साधीसुधी नाही. एखादा कण पोटात गेला तरी अंगावर गांधी उठायच्या आणि गळा आवळल्यासारखा व्हायचा. ती आली त्याच दिवशी तिने स्वयंपाकघराच्या दारावर एक कागद डकवला, "कृपया शेंगदाणे आत आणू नयेत. माझा जीव जाईल. धन्यवाद." खाली तिने एक हसरा चेहरा काढला होता. मावशीने कागद वाचला, बारकीकडे पाहिलं आणि म्हणाली, "माझ्या स्वयंपाकघरात तुझ्या केसाला धक्का लागणार नाही."

दोन वर्षं लागलाही नाही. मावशीने लाकडी चमचे बदलले, जुने डबे काढून टाकले, तेल बदललं. तिला त्याचा अभिमान होता आणि तो असायला हवा होता.

मग तो रविवार आला.

सकाळी मावशीचा भाऊ आला. लांबच्या पल्ल्याला निघाला होता, ट्रक रस्त्यावर उभा. त्याने कच्च्या शेंगदाण्याची पिशवी पुढे केली. "ताई, एवढे भाजून दे ना. वाटेत तोंडात टाकायला काही असलं की झोप येत नाही."

मावशीने दाराकडे बघितलं. कागद तिथेच होता.

"इथं नाही चालत रे," ती म्हणाली.

"दहा मिनिटांचं काम. पोरी तर सगळ्या झोपल्यात." मग जरा थांबून तो म्हणाला, "असू दे. राहू दे."

त्याचं ते "राहू दे" तिला लागलं. भाऊ दोन महिन्यांतून एकदा यायचा. मावशीने मला शेगडीवर ठेवलं आणि शेंगदाणे भाजले. खमंग भाजले गेले, खोटं कशाला सांगू? मीठ मारून तिने ते कागदात बांधून दिले. भाऊ गेला. मग मावशीने खिडक्या उघडल्या, ओटा तीनदा पुसला, फरशी झाडून घेतली, हात कोपरापर्यंत साबणाने धुतले, अ‍ॅप्रनसुद्धा बदलला. काही म्हणून शिल्लक ठेवलं नाही.

एकट्या मलाच तिने साबण लावला नाही. गरम पाणी, ब्रश, फडकं, तेलाचं बोट, रोजच्यासारखं. तिच्या मनात काही आलंच नाही. एकोणीस वर्षांची सवय होती ती. आणि शेंगदाण्याचं तेल मी माझ्या स्वभावाप्रमाणे पिऊन बसलो होतो.

दुपारी वाफाळं झालं. बारकीने दुसरा घास घेतला आणि चमचा खाली ठेवला. "मावशी, ओठ चुणचुणतायत," ती म्हणाली. मग तिने गळ्याला हात लावला.

नर्सिंगच्याच मुली त्या. एक जण वरच्या मजल्यावरून तिच्या कपाटातलं इंजेक्शन घेऊन आली, दुसरीने तिला आडवं केलं, तिसरी रुग्णालयाकडे धावली. बारकीचा श्वास शिट्टीसारखा वाजत होता. मावशी तिच्या उशाशी बसून नुसती म्हणत होती, "बघ माझ्याकडे, बघ माझ्याकडे." मग स्ट्रेचर आलं आणि सगळे गेले. टेबलावर मी अर्धा भरलेला तसाच राहिलो. माझ्यातून अजून वाफ येत होती.

पुढचं मी मुलींच्या बोलण्यातून ऐकलं. डॉक्टरांनी विचारलं, काय खाल्लं होतं? सफरचंद, नाशपती, लोणी, साखर, ओट्स. ओट्स कुठले? समोरच्या दुकानातले. आणि एक मुलगी पटकन बोलून गेली, "तिथं ओट्सच्या पोत्याशेजारी शेंगदाण्याचं पोतं असतं. माप एकच असेल." सगळ्यांनी माना डोलावल्या. मावशीही तिथे होती. तिनेही डोलावली. त्या घडीला तिला सकाळचं खरोखर आठवलं नव्हतं, एवढं मी छातीवर हात ठेवून सांगितलं असतं, छाती असती तर.

संध्याकाळी मावशी परत आली. बारकी धोक्याबाहेर होती. मावशीचा जीव भांड्यात पडला होता, आणि त्या हलक्या मनाने ती मला धुवायला बसली. उरलेलं वाफाळं काढून टाकलं, ब्रश फिरवला. दांडी जिथे अंगाला जोडली आहे तिथे एक बेचकं आहे. त्यात तिचं बोट अडलं. बोटाला काहीतरी चिकटून आलं. तिने ते दिव्याजवळ नेलं. शेंगदाण्याचं लालसर फोलपट होतं ते, नखाएवढं.

मावशी खाली फरशीवर बसली. कितीतरी वेळ ते फोलपट तिच्या बोटावर होतं. मग तिने ते नळाखाली धरलं.

उद्या सांगू, असं तिने ठरवलं. मोठ्याने म्हणालीसुद्धा, "उद्या मॅडमना सांगते." मॅडम म्हणजे हॉस्टेलच्या वॉर्डन. पण दुसऱ्या दिवशी सकाळीच मॅडम आल्या आणि म्हणाल्या, "मावशी, त्या दुकानातून यापुढे काही आणायचं नाही. मी शेजारच्या शाळेच्या स्वयंपाकघरालाही कळवलंय." मावशीचं तोंड उघडलं होतं. ते तिने मिटलं.

बातमीला पाय फुटले. शाळेने माल घेणं थांबवलं, रुग्णालयाच्या उपाहारगृहाने थांबवलं, मग आसपासची घरंही पलीकडच्या चौकात जायला लागली. बारकी दोन दिवसांनी आली, पण तिची प्रात्यक्षिक परीक्षा बुडाली होती. पुढची चार महिन्यांनी. तिच्या मैत्रिणी वॉर्डात कामाला लागल्या आणि ती धाकट्या मुलींबरोबर पुन्हा पट्ट्या बांधायला शिकत बसली.

त्याच आठवड्यात, मंगळवारी, तोळेकाका स्वयंपाकघराच्या दाराशी आले. आत येईनात. हातात ओट्स भरायचं पत्र्याचं माप होतं. ते त्यांनी वाकवून चपटं करून टाकलं होतं.

"मावशी," ते म्हणाले, "पोरीला भेटून आलो. पाया पडायला गेलो तर पळाली. तुम्हालाही तोंड दाखवायचं होतं. तुम्ही इतकं जपलंत तिला, आणि माझ्या दुकानातून हे यावं? शेंगदाणे काढून टाकलेत मी. आता कधीच ठेवणार नाही."

मी शेगडीवर होतो. त्या दोघांच्या मध्ये. मावशीने माझ्याकडे पाहिलं. मित्रांनो, मला वाटलं आता ही सांगते. तिचे ओठ हललेसुद्धा.

"असू द्या, काका," ती म्हणाली. "पोरगी बरी आहे ना? झालं गेलं."

काकांच्या डोळ्यांत पाणी आलं. "तुमचं मन मोठं आहे," म्हणाले आणि गेले.

ज्याने काही केलंच नव्हतं त्याला मावशीने क्षमा केली. याहून वाईट मी काही पाहिलेलं नाही. ती स्वतःही ते जाणून होती. काका वळणावर दिसेनासे झाले तशी तिने मला उचललं, नळाखालच्या भांडी घासायच्या कुंडीत टाकलं आणि साबण, तारेचा चोथा, वाळू, हाताला येईल त्याने घासत सुटली. तीस वर्षांचं तेल निघून चाललं होतं. खालून माझं करडं, उघडं अंग दिसायला लागलं. तिच्या बोटांची सालं निघाली तरी थांबली नाही. शेवटी तिने मला कुंडीखाली, फिनेलच्या बाटलीमागे ढकललं. पुसलंही नाही.

बिडाला ओलं ठेवलं की दुसऱ्या दिवशी गंज दिसतो. मला तर नळाची गळती वरूनच मिळत होती. आठवड्याभरात मी तांबूस झालो, महिन्याभरात खरबरीत. तुम्ही म्हणाल, तवा स्वतःच्या दुःखाचं गाऱ्हाणं गातोय. तसं नाही. मला वाटत होतं, बरं झालं. मी धरून ठेवणारा. मीच विष धरलं होतं.

कुंडीखालून माणसांचे फक्त पाय दिसतात. मावशीचे पाय पूर्वी भरभर चालायचे, आता जागच्या जागी घुटमळायचे. रविवारी मुली विचारायच्या, "मावशी, वाफाळं?" ती म्हणायची, "ओव्हन बिघडलाय." दोन रविवारांनी कोणी विचारेनासं झालं. बारकीसाठी ती वेगळ्या पातेल्यात वेगळं रांधायची, तिच्या ताटात जास्त वाढायची, तिचे बूटसुद्धा एकदा पुसून ठेवले. बारकी अवघडून म्हणाली, "मावशी, मी आजारी नाही हो आता." मावशी हसली, आणि ती गेल्यावर कुंडीचा कठडा दोन्ही हातांनी धरून उभी राहिली. तिच्या चपलेवर एक थेंब पडला. नळाचा नव्हता तो.

भाऊ पुन्हा आला तेव्हा तिने त्याला अंगणातूनच परत पाठवलं. त्या बिचाऱ्याला आपण काय केलं हेही कळलं नाही.

चार महिने असे गेले. बारकीची परीक्षा झाली, ती पहिल्या फटक्यात पास झाली. त्याच दुपारी ती एक पिशवी घेऊन स्वयंपाकघरात आली.

"आज वाफाळं मी करणार," ती म्हणाली. "ओव्हन मी बघितलाय मावशी, चांगला चालतो. तवा कुठंय?"

मावशी फडक्याने ओटा पुसू लागली. बारकीने फडताळ पाहिलं, मांडणी पाहिली, मग वाकून कुंडीखाली पाहिलं. मला बाहेर ओढलं तेव्हा फरशीवर तांबडा ओरखडा उठला.

"अगं बाई! हा असा कसा झाला?" तिने चोथा घेतला आणि बसून गंज खरवडायला लागली. खरवडता खरवडता बोलत होती. "ओट्स तोळेकाकांकडूनच आणलेत. मॅडमना विचारलंय मी. काका एकेक दाणा निवडत बसले होते. दुकानात चिटपाखरू नाही. काकूही नाहीत."

"काकू कुठं गेल्या?" मावशीने विचारलं.

"घरातच आहेत. दुकानात येत नाहीत आता. पिशव्या त्याच भरायच्या ना? काकांनी तेव्हा सगळ्यांसमोर त्यांना बोल लावला म्हणे, तुझ्या निष्काळजीपणाने पोर मेली असती. तेव्हापासून त्यांनी मापाला हात लावला नाही. काकांशी फक्त कामापुरतं बोलतात."

मावशी एका जागी उभी होती. काकांचं दुःख ती चार महिने पाहत होती आणि त्याची तिला, काय सांगू, सवय होत चालली होती. पण या दुसऱ्या बाईचा तिला पत्ताच नव्हता. ती खुर्चीवर बसली, पुन्हा उठली.

"तो चोथा ठेव," ती म्हणाली. "ठेव खाली. काकूंनी काही केलेलं नाही. काकांनीही नाही. त्या सकाळी मी यात शेंगदाणे भाजले होते."

बारकीचा हात थांबला.

मावशीने सगळं सांगितलं. भाऊ, पिशवी, फोलपट, नळ. काहीच हातचं राखलं नाही.

"तुम्हाला त्याच संध्याकाळी कळलं होतं?" बारकीने विचारलं.

"हो."

"आणि काका माप घेऊन आले तेव्हा?"

"माहीत होतं."

बारकीने मला मांडीवरून खाली ठेवलं. बराच वेळ ती हाताला लागलेला गंज पुसत राहिली.

"माझ्या बाबतीत जे झालं ते चुकून झालं, मावशी," ती शेवटी म्हणाली. "राग येतोय मला, पण तो जाईल. माझी परीक्षा, ते दोन दिवस, ते सगळं मी सोडून देऊ शकते, कारण ते माझं आहे. काका-काकूंचं मी कसं सोडणार?" ती उठली. "मी तुमच्याबरोबर येणार नाही. तुमचं तुम्ही जा."

मावशीने मला पिशवीत घातलं. मला कशाला नेलं म्हणाल, तर हातात काही धरल्याशिवाय तिच्याने दारापर्यंतही चालवत नव्हतं.

मुलींच्या तोंडून इतकं ऐकलेलं दुकान मी पहिल्यांदाच पाहिलं. फळ्या अर्ध्या रिकाम्या. काका ओट्स निवडत होते, मान इतकी खाली की आम्ही आलेलं त्यांना कळलंही नाही. मावशीने मला काउंटरवर ठेवलं. ठण्ण आवाज झाला.

"काका, तुमचा काही दोष नव्हता," ती म्हणाली. बसून नीट सांगायचं तिने वाटेत ठरवलं होतं, पण शब्द एकदम बाहेर पडले. "माझा होता. मला पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

काकांना आधी उमजेचना. मग उमजलं तसे ते हसले. तुम्हाला वाटेल सुटल्याचं हसू, तसं नव्हतं. ते हसू अर्ध्यावरच थांबलं आणि त्यांनी मागे वळून आतल्या दाराकडे पाहिलं.

"अरे देवा," ते पुटपुटले. "मी हिला काय काय बोललो!"

काकू दारातच उभ्या होत्या. त्यांनी सगळं ऐकलं होतं. उंच, शिडशिडीत बाई. त्या काउंटरपाशी आल्या आणि मावशीच्या समोर उभ्या राहिल्या.

"हे त्या मंगळवारी तुमच्याकडे आले होते," त्या म्हणाल्या. "तेव्हा तुम्ही काय म्हणालात?"

"असू द्या, म्हणाले."

"असू द्या," काकू म्हणाल्या. "घरी येऊन हे मला सांगत होते, मावशींचं मन किती मोठं आहे बघ, नाहीतर तू."

मावशीने मान खाली घातली. काका मध्येच म्हणाले, "अगं, माझीही चूक..."

"तुमचं घरात बघू," काकूंनी त्यांच्याकडे न पाहता म्हटलं. मग मावशीला म्हणाल्या, "माफी नको मला. ज्या ज्या दारात माझं नाव गेलं, त्या त्या दारात तुम्ही जायचं. हॉस्टेल, शाळा, उपाहारगृह, ही समोरची सगळी घरं. स्वतःच्या तोंडाने सांगायचं. चिठ्ठी नाही, फोन नाही."

"जाते," मावशी म्हणाली.

"आणि हा?" काकूंनी माझ्याकडे बोट दाखवलं.

"याचं काय करू मला कळत नाही."

"इथं राहू द्या."

अशा रीतीने माझं घर बदललं.

मावशी दारोदार गेली. पहिली पायरी मॅडमची. त्यांनी तिला कामावरून काढलं नाही, पण स्वयंपाकघर तिच्या हातातून काढून घेतलं. कालपर्यंत ज्या मदतनीस मुलीला ती कांदा कसा चिरायचा ते शिकवत होती, तिच्या हाताखाली आता ती भाजी निवडते. शाळेत मुख्याध्यापकांनी तिला बसायलाही सांगितलं नाही. काही घरांत लोकांनी ऐकून घेतलं, काहींनी दार लावून घेतलं. एका घरातल्या आजी म्हणाल्या, "आम्ही तर कधीच विसरलो होतो हो!" मावशी पुढे काकूंना म्हणाली, ते सगळ्यात जास्त लागलं. दुकान बुडवून लोक विसरूनही गेले होते.

गिऱ्हाईक परतलं, पण सगळं नाही. शाळा आली. समोरच्या घरांतली निम्मी आली. निम्म्यांना पलीकडच्या चौकाची सवय झाली ती झालीच.

माझं म्हणाल तर काकूंनी मला पुन्हा माणसात आणलं. आधी सगळा गंज काढला. मग तेलाचा पातळ हात आणि कडक आच, पुन्हा तेल, पुन्हा आच, असं कितीतरी वेळा. आणि प्रत्येक वापरानंतर त्या मला साबणाचे दोन थेंब लावून धुतात, लगेच आचेवर कोरडा करतात आणि तेल पुसतात. मला काही होत नाही! एवढी वर्षं ज्या गोष्टीचा आम्ही बाऊ केला ती इतकी साधी होती. हे कळलं त्या दिवशी मला फार शरम वाटली.

शेवटचं दार झालं तो रविवार होता. मावशी दुकानात सांगायला आली. काकू आत ओव्हनसमोर होत्या. बारकीने त्यांना कृती लिहून दिली होती आणि माझ्यात त्यांचं पहिलंच वाफाळं होत होतं. एका कडेने थोडं करपलंही होतं. काका मुकाट्याने बशा पुसत होते. काकू त्यांच्याशी बोलायला लागल्या होत्या, पण अजून त्यांना बशा पुसायला लावत होत्या.

"झाली सगळी घरं," मावशी दारातूनच म्हणाली आणि वळली.

"थांबा," काकू म्हणाल्या. त्यांनी मला टेबलावर ठेवलं, मोठा चमचा खुपसला आणि पहिली बशी मावशीच्या पुढे सरकवली. मावशीचा हात पुढे होईना. वाफ तिच्या तोंडावर येत होती.

"राग गेलेला नाही माझा," काकू म्हणाल्या. "निवायच्या आत खा."

मावशी खुर्चीच्या अगदी टोकावर बसली आणि खाऊ लागली. तिने करपलेली कडसुद्धा सोडली नाही.

मित्रांनो, तुमच्या घरात माझ्यासारखा तवा असेल तर त्याला ओला ठेवू नका, आणि घासायला घाबरू नका. अंगावर राहिलेलं आपोआप जात नाही, ते कोणाच्या तरी पोटात जातं. आणि तुमच्या हातून काही चुकलं, आणि दुसराच कोणी त्यासाठी मान खाली घालून समोर उभा असेल, तर उद्याची वाट पाहू नका. मला सगळं माहीत होतं, पण मला तोंड नव्हतं. तुम्हाला आहे.